न पडलेल्या घराची गोष्ट

१० जुलै २०२४. सकाळचे सव्वासात. विष्णुपुरीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत मी चहा टाकला होता. आधी पातेल्यावरचं झाकण वाजलं, मग खिडकीची काच. चप्पल सापडेपर्यंत सगळं थांबलं होतं. खाली उतरले तर अख्खी गल्ली बाहेर आलेली, कुणी टॉवेलवर, कुणी दात घासता घासता. केंद्र हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात. तीव्रता ४.५. त्याच वर्षी २१ मार्चच्या पहाटे आम्ही असाच एक धक्का अनुभवला होता, तोही ४.५चा.

नांदेडच्या माणसाला हे तसं नवं नाही. २००७च्या आसपास शहरात कितीतरी महिने जमिनीखालून गडगडल्यासारखे आवाज यायचे आणि बारीक हादरे बसायचे. तेव्हा मी शाळेत होते. रात्री आवाज झाला की आजी म्हणायची, शेषाने कूस बदलली, झोप आता.

त्या सकाळी अर्ध्या तासात माझ्या फोनवर चार प्रकारचा मजकूर आला. पहिला, ‘जाणवलं का?’ आणि त्यासोबतचे मीम. दुसरा, कुणीतरी पुढे ढकललेला किल्लारीच्या स्मृतिदिनाचा जुना लेख. तिसरा, ‘भूकंप आल्यास काय करावे’ हे पत्रक. चौथा मजकूर एका वाक्याचा होता, त्याच्याकडे नंतर येते. मी मराठी साहित्याची विद्यार्थिनी आहे. कविता असो की नोटीस, समोर आलं की ते कुणाशी बोलतंय आणि काय गाळतंय हे बघायची सवय लागली आहे. म्हणून हे या मजकुरांचं परीक्षण. मीम सोडून देते, कारण ते निदान आपण गंभीर असल्याचा आव आणत नाहीत.

एक : शोकलेख

दर ३० सप्टेंबरला येणारा किल्लारीचा लेख तुम्हीही वाचला असेल. त्याचा साचा पक्का आहे. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बोळवून दमून झोपलेली गावं, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, मग नियतीचा घाला आणि होत्याचं नव्हतं. पुढे ढिगारे, एखादं वाचलेलं मूल, आणि शेवटी ‘आजही अंगावर काटा येतो’.

यातलं काहीच खोटं नाही. १९९३च्या त्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावं खरंच अशी झोपेत गेली. सरकारी आकड्यांप्रमाणे जवळपास ८ हजार माणसं मेली. पुढे ५२ गावं दुसऱ्या जागी वसवावी लागली. ज्यांची माणसं गेली त्यांनी रडू नये, असं कोण म्हणेल? शोक करणं हे साहित्याचं जुनं आणि मानाचं काम आहे.

माझी तक्रार व्याकरणाची आहे. या लेखांतल्या वाक्यांचे कर्ते बघा. काळाने झडप घातली. नियतीने डाव साधला. धरणीमाय कोपली. भिंत येते ती फक्त पडण्यापुरती, एखाद्या नाटकातल्या हुजऱ्यासारखी. ती का पडली हे विचारायला लेखात जागाच नसते.

आणि ती का पडली हे सांगता येतं. मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे दगडमातीच्या दोन-अडीच फूट, कधी त्याहून जाड भिंती आणि वर माळवद. बाहेरून ही भिंत किल्ल्यासारखी दिसते. आतून ती एक भिंत नसतेच. बाहेरच्या अंगाला एक थर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मध्ये माती, खडी, दगडाचे तुकडे. दोन्ही थरांना एकत्र धरणारा, आरपार जाणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेलाच नसतो. जमीन आडवी हलली की दोन थर एकमेकांपासून सुटतात, फुगतात आणि ढासळतात. वर माळवदाची फूट-दोन फूट माती. पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून दरवर्षी तिच्यावर आणखी एक थर पडायचा. म्हणजे घराची काळजी घेता घेता माणसं स्वतःच्या डोक्यावरचं वजन वाढवत होती. मला विचाराल तर किल्लारीच्या शोकांतिकेतला सगळ्यात हृदय पिळवटणारा तपशील हा आहे, आणि तो शोकलेखात सापडत नाही.

कर्ता बदलला की गोष्ट किती बदलते, हे बघायला एक उदाहरण पुरे. किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ला, अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज भागात भूकंप झाला. वेळ पहाटे साडेचारची. माणसं तिथेही झोपेतच होती. किल्लारीची तीव्रता ६.२च्या आसपास, नॉर्थरिजची ६.७, म्हणजे बाहेर पडलेली ऊर्जा पाचपटीहून जास्त. मेलेली माणसं साठच्या आसपास. तिथली बहुतेक घरं हलक्या लाकडी सांगाड्याची होती. पूल पडले, नुकसान अफाट झालं, पण झोपलेल्या माणसांवर टनावारी माती आली नाही. नियती तिकडे दयाळू आणि इकडे क्रूर होती असं म्हणायचं, की भिंतीकडे बघायचं?

शोकलेखात आणखी एक लकब असते. १९९२मध्ये किल्लारी परिसरात आधीच धक्के बसले होते. लेखात ते येतात अपशकुनासारखे, टिटवी ओरडावी तसे. पण लहान धक्क्यांमागून मोठा येईलच असं कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. नांदेडचे २००७चे हादरे हळूहळू विरून गेले. लहान धक्का भविष्य सांगत नाही. तो एवढंच सांगतो की भिंती एकदा तपासून घ्या. त्या काळच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग झोन एकमध्ये होता, सर्वांत कमी धोक्याचा. आपण ‘सर्वांत कमी’ हे ‘नाही’ असं वाचलं. नकाशासुद्धा मजकूरच असतो, आणि चुकीच्या वाचनाने माणसं मरतात. २००२ साली नकाशा बदलला. झोन एक रद्द झाला आणि किल्लारीचा भाग झोन तीनमध्ये गेला.

नियतीच्या गोष्टीला ‘पुढच्या वेळी’ नसतं, हा या साच्याचा खरा दोष. माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३. दरडींच्या बाबतीतही तेच कर्ते, तीच क्रियापदं. फक्त धरणीच्या जागी डोंगर.

दोन : पत्रक

शोकलेख भूतकाळात असतो, पत्रक आज्ञार्थात. घाबरू नका. टेबलाखाली आसरा घ्या. लिफ्ट वापरू नका. काचेपासून दूर राहा. अफवांवर विश्वास ठेवू नका.

हा सल्ला चुकीचा नाही. काँक्रीटच्या पक्क्या सांगाड्याच्या इमारतीत, जिथे इमारत उभी राहते आणि कपाटं, पंखे, काचा अंगावर येतात, तिथे मजबूत टेबलाखाली शिरणं शहाणपणाचं आहे. विष्णुपुरीत तशा इमारती भरपूर आहेत. पण पत्रक वाचताना मी त्यातल्या माणसाची कल्पना करून बघितली. त्याच्याकडे टेबल आहे, लिफ्ट आहे, आणि भूकंप येतो तेव्हा तो जागा आहे. माझ्या मामाच्या गावात लोक जमिनीवर अंथरूण टाकून झोपतात. टेबल शाळेत आहे. वर माळवद असेल तर कुठलंही टेबल ते पेलणार नाही.

पत्रक ज्या तीस सेकंदांबद्दल बोलतं, त्यात माणसाच्या हातात फार थोडं असतं. धोका ठरतो तो त्याआधीच्या तीस वर्षांत, पाया खोदताना, भिंत चढवताना, वर खोली वाढवताना. त्या काळाबद्दल पत्रक गप्प आहे. ‘घाबरू नका’ हे वाक्य तर मला नेहमी संशयास्पद वाटतं. ज्याच्या घराच्या भिंतीला तडा गेलाय त्याने घाबरावं. भीती त्याला गवंड्यापर्यंत नेईल. घाबरू नका म्हटलं की तो परत आत जाऊन झोपेल.

तीन : एक वाक्य

आता तो चौथा मजकूर. मार्चमधल्या धक्क्यांनंतर प्रशासनाने आवाहन केलं होतं, तेच जुलैमध्ये पुन्हा फिरलं. ज्यांच्या घरावर पत्रे आहेत आणि आधाराला त्यावर दगड ठेवलेले आहेत, त्यांनी ते दगड काढून घ्यावेत.

हे वाक्य मी थांबून पुन्हा वाचलं. त्या दिवशीच्या मजकुरांत सगळ्यात चांगलं लिहिलेलं हेच होतं. ते कुणाशी बोलतंय हे त्याला ठाऊक आहे. त्यात एक वस्तू आहे, जी आमच्याकडच्या माणसाला मान वर केली की दिसते. ते भूकंपाआधीच्या वेळेबद्दल बोलतं. आणि सांगितलेलं काम एक माणूस शिडी लावून दहा मिनिटांत करू शकतो.

तरी त्यात एक गाळलेली जागा आहे. पत्र्यावर दगड हौसेने कुणी ठेवत नाही. वावटळीत पत्रा उडू नये म्हणून तो ठेवलेला असतो. दगड काढला तर पत्रा कशाने धरायचा? पत्रा खालच्या पाइपाला किंवा लाकडाला हुकाने आणि नटाने आवळायचा, एवढा एक तुकडा जोडला असता तर वाक्य पूर्ण झालं असतं. तो नसल्याने मला वाटतं बऱ्याच जणांनी वाचलं, वर बघितलं, आणि जूनमधल्या वाऱ्याची आठवण काढून दगड तसाच ठेवला. भूकंप येईल की नाही माहीत नाही. वारा दरवर्षी येतो.

चार : फोटो

त्या दिवसापासून मी किल्लारीवरचा मिळेल तो मजकूर वाचत गेले. आणि मला सगळ्यात मोठी गोष्ट एका इंग्रजी तांत्रिक टिपणात सापडली.

आयआयटी कानपूर आणि बीएमटीपीसी या केंद्र सरकारच्या संस्थेने मिळून ‘अर्थक्वेक टिप्स’ नावाची मालिका काढली. लेखक सी. व्ही. आर. मूर्ती. एकूण २४ टिपा, प्रत्येक दोन पानांची, भरपूर चित्रं. चौदावी टीप भिंतींमधल्या आडव्या पट्ट्यांवर आहे. त्यात एक फोटो आहे किल्लारीतल्या घराचा. घर उभं आहे. १९९३च्या भूकंपातून गेलेलं आणि काही न होता राहिलेलं. कारण मथळ्यात एका ओळीत दिलंय : या घराला दारा-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर आडवा पट्टा होता.

हा पट्टा म्हणजे काय? आपण दारावर आणि खिडकीवर लिंटल टाकतो. तेच लिंटल न तोडता सगळ्या भिंतींवरून, सगळ्या कोपऱ्यांतून फिरवून घराभोवती पूर्ण करायचं. कडब्याची पेंढी बघा. ताटं सुटी असतात तेव्हा एकेक ताट कुठेही कलंडतं. एक बंध आवळला की पेंढी उभी राहते. घराच्या चार भिंतीही तशाच असतात. हादऱ्यात प्रत्येक भिंत आपापल्या दिशेने कलायला बघते आणि कोपरे उघडतात. पट्टा त्यांना एकमेकींच्या आधाराने उभं ठेवतो. कमीत कमी तीन इंच जाडीचं काँक्रीट, त्यात आठ एमएमच्या दोन सळया, आणि दर सहा इंचांवर त्यांना बांधणारी सहा एमएमची कडी. एवढंच.

मी विचार करत राहिले. तीस वर्षांत किल्लारीवर मराठीत इतकं लिहून आलं. माझ्या वाचनात त्या घराची गोष्ट कुठेच नव्हती. कुणा मालकाने चार सळया जास्त आणल्या असतील, कुणा गवंड्याने हट्ट धरला असेल. पडलेल्या घरांचं वाङ्मय आपल्याकडे आहे. न पडलेलं घर आपण इंग्रजीतल्या एका मथळ्यावर सोडून दिलं.

न पडलेलं आणखीही काही होतं. जुन्या वाड्यांत माळवद भिंतीवर नाही तर लाकडी खांब आणि तुळयांच्या सांगाड्यावर, म्हणजे खणांवर पेललेलं असायचं. किल्लारी भागात अनेक ठिकाणी भोवतीच्या भिंती ढासळल्या तरी हे खण उभे राहिले आणि त्यांच्याखालची माणसं वाचली. आपल्या पूर्वजांना काहीच कळत नव्हतं, हेही खरं नाही. त्यांना निम्मं ठाऊक होतं. लाकूड महागलं आणि तेही निम्मं गेलं.

मग आपण धडा कोणता घेतला? दगड वाईट, सिमेंट चांगलं. गुन्हेगार म्हणून दगडाला पकडलं आणि खरा गुन्हेगार, म्हणजे जोड नसणं, मोकाट सुटला. ‘आयएस १३८२८’ हे दगडमातीच्या घरांसाठीचं भारतीय मानक १९९३ सालचंच आहे. ते दगड टाकून द्या म्हणत नाही. भिंत दीड फुटाहून जाड नको, उंचीत दर दोन फुटांवर आणि आडवं दर चार फुटांवर आरपार जाणारा दगड हवा, कोपरे नीट गुंफा, पट्टा फिरवा, असं ते सांगतं. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून झालेल्या पुनर्वसनात गावं हलवण्यासोबतच, कमी पडझड झालेली दीड लाखाहून जास्त घरं मजबूत करायचं कामही होतं. जुन्या भिंतीत भोक पाडून सळई आणि काँक्रीटचा टाका घालणं, माळवदाची माती उतरवणं, अशी ती कामं. घरोघरी हे समजावण्यासाठी गावातल्याच बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं गेलं. माझ्या मते किल्लारीनंतरच्या मराठीतला सगळ्यात महत्त्वाचा गद्यप्रकार त्या बायकांच्या तोंडी होता, आणि तो छापला गेला नाही. तरीही अनेकांनी मदतीच्या पैशातून जुनी भिंत सांधण्यापेक्षा शेजारी एक नवी खोली बांधली. दगडावरचा विश्वासच उडाला होता. त्यांना दोष देता येत नाही.

‘भूकंपरोधक’ या शब्दानेही घोळ घातला. ऐकल्यावर वाटतं, भूकंप दारात अडवला जाईल. अशी घरं नसतात. चांगलं घर भूकंप सोसतं. त्याला तडे जातात, प्लास्टर उडतं, पण ते माणसावर बसत नाही. ‘भूकंप सोसणारं घर’ म्हटलं असतं तर निदान अपेक्षा खरी राहिली असती.

पाच : मामाचं घर

हे सगळं मी वाचलं नसतं तरी चाललं असतं, पण त्या दिवाळीनंतर हदगाव तालुक्यातल्या माझ्या मामाने घर काढलं. जुलैच्या धक्क्यात जुन्या घराची मागची भिंत पोटातून फुगली होती. दोन खोल्या, विटा-सिमेंट, वर स्लॅब. मी रविवारी गेले तेव्हा भिंती दाराच्या चौकटीपर्यंत आल्या होत्या. मी पट्ट्याचं काढलं.

गवंडी म्हणाला, “ताई, लिंटल टाकतोच की दारावर. भिंतीवर कशाला? भिंत काय उघडी हाय का?”

मामा म्हणाला, “पोरी, पुस्तकातलं राहू दे. सळईचा भाव ठाव हाय का तुला?”

मी बोलायला लागले. नॉर्थरिज सांगितलं, झोन सांगितले, किल्लारीचे आकडे सांगितले. दोघंही मान हलवत होते. अशी मान मी वर्गात हलवते, कळत नसताना. माझं बोलणं शोकलेख आणि पत्रक यांच्या मधलं काहीतरी झालं होतं.

शेवटी फोनमधलं चौदाव्या टिपेतलं चित्र दाखवलं. गवंड्याने हात पँटीला पुसले, दोन बोटांनी चित्र मोठं केलं, कोपऱ्यावर आणलं. इंग्रजी त्याला येत नव्हतं. अर्ध्या मिनिटाने म्हणाला, “म्हंजे कोपऱ्यात सळई वाकवून पुढच्या भिंतीत घुसवायची. तोडायची नाही.” मग त्याने मला विचारलं, किती आत घुसवायची? मला सांगता येईना. टिपेवरून उत्तर शोधायला मला वेळ लागला. त्याच्या एका प्रश्नाने माझ्या सगळ्या वाचनाची परीक्षा घेतली.

पैशाचा प्रश्न तसाच होता. तो मामीने सोडवला. ती इतका वेळ विटांवर पाणी मारत होती. म्हणाली, “ओट्याची फरशी पुढल्या साली बसवू. माझी पोरं आत झोपायची हायत.”

पट्टा फिरला. मी तीन आठवड्यांनी गेले तेव्हा स्लॅब पडली होती आणि आतलं प्लास्टर सुरू होतं. पट्टा कुठेच दिसत नव्हता. मला वाटतं याच कारणाने त्याच्यावर कुणी लिहीत नाही. पडलेली भिंत दिसते, धरून ठेवणारी सळई दिसत नाही. न घडलेल्या अनर्थाला फोटो नसतो, स्मृतिदिन नसतो. पण साहित्याचं तर कामच न दिसणारं दाखवायचं आहे. माझ्या वयाच्या, फोनवर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या सगळ्यांना म्हणून सांगावंसं वाटतं : येत्या ३० सप्टेंबरला काही लिहिणार असाल तर एखादं उभं राहिलेलं घर शोधा. ते कुणी बांधलं, काय जास्त घातलं, त्यासाठी कशावर पाणी सोडलं, ते विचारा.

निघताना गवंडी मागे आला. “ताई, ते चित्र माझ्यावर टाका,” म्हणाला. “वारंगा फाट्याकडं एक काम निघालंय. त्यांचे दगड हायत.”

मी चौदावी टीप पाठवली. मग आठवलं, दगडाच्या भिंतीची सोळावी आहे. तीही पाठवली.